ठिपक्याची लंगडी

चंद्रपुरात होळीची राख थंड होते न होते तोच शाळांना कुलूप लागायचं, याचं आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. पारा पन्नाशीला टेकायला लागल्यापासून सरकारनं मार्च ते जून शाळा घरूनच भरवायचं ठरवलं होतं. कागदोपत्री तिचं नाव 'गृहशाळा'. लोक तिला कूलरची शाळा म्हणत, कारण बाईंच्या आवाजापेक्षा कूलरचाच आवाज जास्त ऐकू यायचा. चारचौघांसारख्या मुलांचं त्या शाळेत कसंबसं भागायचं. ज्यांना वाचताच येत नाही त्या मुलांचं काय करायचं, याचा विचार मात्र सगळं ठरून गेल्यावर झाला. आपल्याकडे तो नेहमी तेव्हाच होतो.

निहार पिंपळशेंडे त्या मुलांतलाच एक. वय दहा, पाचवीत. कूलरचा पंप का जळतो, टाकीतलं पाणी कमी झालं की काय होतं, हे तो बापाला समजावून सांगायचा. आणि 'पंप' हा दोन अक्षरांचा शब्द समोर धरला तर अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसा त्याच्याकडे पाहत राहायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला डिस्लेक्सिया असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे बुद्धी शाबूत, डोळे शाबूत, फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची मेंदूत गाठ पडायला हवी ती नीट पडत नाही. तसं प्रमाणपत्रही होतं. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर शाळा उघडल्यावर होणाऱ्या पाचवीच्या परीक्षेत त्याला प्रश्न वाचून दाखवणारा माणूस आणि जादा वेळ मिळणार होता. पाचवीत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवायचा नियम होता, त्यामुळे निहारचं वर्ष त्या वाचून दाखवणाऱ्या माणसावर अवलंबून होतं.

त्याची आई केतकी रक्ततपासणीच्या एका लॅबमध्ये कामाला होती. दोन उन्हाळे तिनं सुट्ट्या मागून काढले, तिसऱ्या उन्हाळ्यात नोकरी सोडली. निहारशेजारी कुणीतरी बसायला हवं होतं, आणि हे 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे आपल्या घरांत विचारावं लागत नाही. बाप मंगेश गडचांदूरकडच्या सौर प्रकल्पावर देखभालीच्या कामाला. आठवडाभर तिकडेच, शनिवारी घरी. त्याचं मत ठाम होतं.

"पोट्ट्याले काही झालं नाही," तो म्हणायचा. "मीबी उशिराच वाचाले लागलो. उगाच शिक्का मारून ठेवला त्याच्यावर."

केतकीला असं ठाम मत परवडत नव्हतं. भर दुपारी बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, आत आत्ता सांगितलेला शब्द पुढच्याच ओळीत विसरणारं मूल, माणूस चिडणारच. ती चिडायची, निहार गप्प व्हायचा, मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि डोळे धुऊन पुन्हा त्याच्याशेजारी येऊन बसायची. दोघांचा हाच रोजचा अभ्यास झाला होता.

अशा घरात त्या उन्हाळ्यात 'सोबत' आली.

सोबत म्हणजे तीन वस्तू: मुलाच्या डोळ्यांवर एक हलका चष्मा, आईच्या मनगटात कडं आणि पडद्याच्या डोक्यावर एक छोटा दिवा. नागपूरच्या एका संस्थेनं ती आसपासच्या जिल्ह्यांतल्या शेकडो घरांना प्रयोग म्हणून दिली होती. प्रयोगाची सूत्रं फरहीन शेख या बाईंकडे होती. अशा मुलांना शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि पुस्तक फेकून देणारी, पुस्तकासमोर रडणारी, पुस्तक दिसताच पोट दुखणारी सगळी मुलं त्यांनी पाहिली होती. दर शनिवारी त्या पडद्यावर पालकांची बैठक घेत, मुलंही शेजारी बसत.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं. पुढे ते लागणार आहे. वाचताना आपला डोळा ओळीवरून सरळ सरकत जातो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. डोळा उड्या मारतो. एका शब्दावर टेकतो, निमिषभर थांबतो, पुढच्या शब्दावर उडी घेतो आणि शंका आली तर एखादी उडी मागेही मारतो. जे काही दिसतं ते टेकल्यावर. उडी चालू असताना डोळा जवळजवळ आंधळाच असतो. सराईत वाचकाच्या या उड्यांना एक लय असते. निहारसारख्या मुलाचा डोळा फार वेळ टेकतो, आखूड उड्या मारतो आणि सारखा मागे फिरतो. सोबतच्या चष्म्यात बारीक कॅमेरे होते. आपल्याला न दिसणारा प्रकाश बुबुळावर टाकून ते डोळ्याची प्रत्येक उडी टिपत. मूल कुठल्या शब्दाला अडखळणार हे मुलाच्या आधी यंत्राला कळायचं, आणि चष्म्याच्या काडीतून तो शब्द हळूच कानात यायचा. लय जमली की दिवा हिरवा, बिघडू लागली की पिवळा, तुटली की लाल.

कड्याचं काम वेगळं होतं. ते आईची नाडी आणि आवाजाची धार मोजायचं. आई चिडायच्या बेतात आली की कडं थरथरायचं, धडा आपोआप थांबायचा आणि संध्याकाळी तिच्या फोनवर तिचे 'संयम-गुण' यायचे. मुलांच्या प्रगतिपुस्तकांनी पोट भरलं नव्हतं म्हणून आता आयांचंही निघालं होतं. पालकांच्या ग्रुपवर मुलांच्या आधी याच गुणांची चौकशी व्हायची.

वाचायचं ते मनातल्या मनात. मोठ्यानं वाचायला लावलं की ही मुलं लाजतात, घरचे चिडतात आणि शिकणं बाजूलाच राहतं, हे तज्ज्ञांनी ओळखलं होतं आणि ते खरंही होतं. डोळा सगळं सांगत असताना तोंडाला कशाला त्रास द्यायचा? बाई सकाळी पडद्यावर धडा समजावून सांगत, दुपारी मूल तो सोबतबरोबर वाचे आणि शेवटी यंत्र दोन-चार प्रश्न तोंडी विचारी. दुपारी वाचायला बसण्याआधी रोज एक खेळ असायचा. कोऱ्या पानावरून एक काळा ठिपका लंगडी घालत जायचा. टेकला, थांबला, उडी. टेकला, थांबला, उडी. मुलानं नजरेनं त्याचा पाठलाग करायचा. सराईत वाचकाची चाल डोळ्यांना कळावी, हा त्यामागचा हेतू.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. दिवा लाल, केतकीचं कडं थरथरतंय, धडा बंद. पूर्वी ती चिडली तर ते दोघांपुरतं राहायचं, आता त्याचे गुण निघत होते. संध्याकाळी ते पाहिले की तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटली की दुसऱ्या दिवशी ती आणखी लवकर चिडायची. निहार चष्म्याआडून कधी दिव्याकडे, कधी कड्याकडे पाहत राहायचा.

मग एप्रिलच्या मध्यात दिवा पिवळा राहू लागला. नंतर अधूनमधून हिरवा. महिनाअखेरीस पूर्ण धडा हिरव्या दिव्यात पार पडला. प्रश्नांची उत्तरंही बरोबर आली. केतकीनं निहारला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

पुढचे दिवस त्या घरानं मजेत काढले. चिडायचं कारणच उरलं नव्हतं, त्यामुळे तिचे संयम-गुण ग्रुपमध्ये सगळ्यांच्या वर गेले. बाकीच्या आया तिला विचारू लागल्या, "ताई, तुम्ही नेमकं काय करता?" ती उत्तरं देऊ लागली, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडू लागलं. मंगेशनं शनिवारी येताना संत्रा बर्फीचा मोठा डबा आणला आणि गल्लीत फिरून स्वतःच्या हातानं वाटला.

"म्हटलं नव्हतं?" तो ज्याला-त्याला सांगत होता. "काहीच झालं नाही त्याले. आता तो शिक्का बी निघून जाईन."

शिक्का निघणारच होता. शाळा उघडण्याआधी सोबतच्या नोंदी वैद्यकीय मंडळाकडे जाणार होत्या. ज्यांचा दिवा सलग हिरवा, त्यांची अडचण दूर झाली असं धरून प्रमाणपत्र रद्द व्हायचं होतं. त्याबरोबर परीक्षेतला वाचून दाखवणारा माणूसही. पण ज्याला वाचता येतं त्याला असा माणूस हवाच कशाला? फरहीन मॅडमनी शेवटच्या बैठकीत सगळ्या पालकांसमोर निहारचं वाचन ठेवायचं ठरवलं आणि केतकीला चार शब्द बोलायला सांगितले.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी वीज गेली, थोड्या वेळानं आली, कूलर घरघरत सुरू झाला आणि सोबतही पुन्हा सुरू झाली. केतकी निहारसाठी ज्वारीची आंबील घेऊन आली. दिवा हिरवागार होता. निहार ताठ बसून वाचत होता. तिनं सहज पडद्याकडे पाहिलं आणि पेला हातातच राहिला.

पडद्यावर तेलुगू होतं.

सोबत सीमेपलीकडे तेलंगणातही चालत असे. वीज जाऊन येताना कुठंतरी अदलाबदल झाली आणि तिकडचं पान इकडे आलं, एवढीच ती चूक. चंद्रपूरकराला तेलुगू नवीन नाही; बाजारात ऐकू येतं, बल्लारपूरच्या गाडीत ऐकू येतं. पण पिंपळशेंड्यांच्या घरात ती लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. निहारची नजर त्या गोल गोल अक्षरांवरून सुरेख लयीत चालली होती. पान संपलं. पडद्यावर तारा चमकला आणि 'उत्तम वाचन' अशी शाबासकी आली.

"निहार, काय वाचून राहिला?"

"धडा. पाणी जमिनीत कसं मुरते तो."

तो सकाळी बाईंनी समजावून सांगितला होता. निहारच्या कानावरून गेलेलं सहसा वाया जात नसे.

"हे मराठी नाही रे."

निहारनं चष्मा वर करून पडद्याकडे निरखून पाहिलं. "गोल गोल आहे," तो म्हणाला. "मले वाटलं, आज नवीन अक्षरं दिली."

अक्षरं वेगळी आहेत हे त्याला दिसलं होतं. पण ज्याला सगळीच अक्षरं परकी, त्याला त्यांत थोडी जास्त परकी आली म्हणून काय फरक पडणार? केतकीच्या मनगटात कडं थरथरायला लागलं. निहारनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तू वाचतच नव्हता?"

"नाही."

"कवापासून?"

"हिरवा झाला तवापासून."

"मंग हिरवा कसा होते तो?"

"ठिपका जाते ना, तसं जाचं." त्यानं बोटानं टेबलावर लंगडी घालून दाखवली. "टेक, थांब, उडी. टेक, थांब, उडी. मधातच एकदा मागं याचं. कधीच मागं नाही आलं तर त्याले संशय येते, पिवळा होते."

यंत्र बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की मूल एक तर वाचेल, नाही तर अडखळेल. तिसरं काही असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, कारण ते सगळे वाचता येणारे लोक होते. निहार पहिलीपासून वर्गात वाचल्यासारखा बसत आला होता. शेजारच्यानं पान उलटलं की उलटायचं, बाकीचे हसले की हसायचं, बाईंची नजर फिरली की ओठ हलवायचे. न वाचता वाचल्यासारखं दिसणं ही त्याची रियाजानं आलेली विद्या होती. यंत्रानं त्याला तिच्यातला राहिलेला धडा रोज खेळ म्हणून शिकवला होता.

"पण असं काऊन केलं रे?"

निहारनं तिच्या मनगटाकडे बोट केलं. मग म्हणाला, "ते कडं थरथरलं की तू किचनमधी जाते."

केतकीला त्या क्षणी किचनमध्येच जायचं होतं. ती गेली नाही. त्याला आंबील दिली आणि तो ती पिऊन होईपर्यंत शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं फरहीन मॅडमना फोन केला आणि आडून आडून विचारलं: असं होऊ शकतं का, की मूल वाचतच नसेल?

"केतकीताई," त्या मायेनं म्हणाल्या, "प्रगती झाली की आईला भीती वाटतेच. मी हे नेहमी पाहते. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झटलो ते हातात आलं की खरं वाटत नाही. पण इतक्या मुलांच्या नोंदी आहेत माझ्याकडे. असा एकही प्रकार त्यांत आलेला नाही."

तो नोंदींत येणार कसा, हे केतकीला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. आणि फोन ठेवल्यावर तिला जरा सुटल्यासारखंही वाटलं, हेही सांगायला हवं. आपण सांगायचा प्रयत्न केला, ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही. आता गप्प बसलं तर काय बिघडलं? गुण होते, कौतुक होतं, मुलावरचा शिक्का जाणार होता. तिला मनापासून गप्प बसावंसं वाटत होतं.

शनिवारी मंगेश आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा आवाज खाली आला.

"कोणाले सांगू नको," तो म्हणाला. "कागदावर सुटला ना तो? सुटू दे."

"अन् परीक्षेत?"

"तवाचं तवा पाहू."

"तवा त्याच्यासमोर पेपर राहीन, अन् वाचून दाखवणारं कोणी नाही. तिथं बसून डोळे नाचवीन तो. पेपर तपासणारा काही दिवा नाही पाहत."

"लोकाइले काय सांगू मी? बर्फी वाटली ना मी!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. तो पोरावर जीव टाकणारा माणूस होता. पोराला काही झालंय हे मान्य करण्याची त्याच्यात हिंमत नव्हती, एवढंच. तो उठला आणि कूलरच्या टाकीत पाणी ओतायला गेला. टाकी भरलेलीच होती.

केतकीनं त्यानंतर कुणाशी चर्चा केली नाही. आठवडाभरानं, दुपारचा अभ्यास संपल्यावर, ती पलंगावर निहारच्या शेजारी बसत म्हणाली, "मले शिकव ते."

"काय?"

"ठिपक्याची लंगडी."

निहारला आधी ती चेष्टा वाटली. मग त्यानं तिच्या नाकावर चष्मा चढवला. चष्मा कुणाच्या नाकावर आहे याची चौकशी यंत्र करत नसे. तिनं मुद्दाम भाषा बदलून तेलुगू पान उघडलं आणि सुरुवात केली. दिवा लाल झाला. पुन्हा केली. पुन्हा लाल. तिची नजर त्या अक्षरांत अडकत होती, कुठं थांबायचं कळत नव्हतं, एक ओळ सोडून दुसरीवर जात होती. आणि कानात काडीतून अगम्य शब्द पडत होते. यंत्र तिला मदत करत होतं. थोड्याच वेळात तिचं डोकं भणाणलं. समोरच्या पानावर सगळ्या जगाला समजणारं काहीतरी लिहिलंय आणि आपल्याच तोंडावर दार लावलंय असं तिला वाटलं. कडं थरथरायला लागलं.

निहारनं ते तिच्या हातातून काढलं आणि उशीखाली ठेवलं.

"घाई नको करू," तो म्हणाला. "अक्षराकडं पाहूच नको. फक्त जागा पाह्य. हळू."

ती पुन्हा चुकली. तो पुन्हा म्हणाला, "हळू." तो एकदाही चिडला नाही. हे यंत्रानं कुठं टिपलं नाही, पण केतकीनं टिपलं. मुलाशेजारी बसून आपण इतके महिने काय करत होतो आणि काय करायला हवं होतं, हे तिला त्या पलंगावर कळलं, आणि तिला फार वाईट वाटलं.

दोन-तीन दुपारी गेल्या. दिवा पिवळा झाला. मग एकदाचा हिरवा.

"मी हे बैठकीत सगळ्यांसमोर करून दाखवू?" तिनं विचारलं.

निहारला त्याचा अर्थ कळत होता. "मंग माह्यासाठी दिवा पुन्हा लाल होईन."

"होईन."

"अन् तू रडशीन?"

"रडीन थोडी. मंग परत येऊन बसीन. येतेच ना मी दरवेळी?"

तो विचार करत राहिला. दरवेळी ती परत येत होती हे खरंच होतं. फक्त त्यानं आजवर तिचं जाणंच मोजलं होतं.

"दाखव," तो शेवटी म्हणाला. "पण मधात मागं याचं विसरू नको."

शेवटच्या बैठकीला पडदा चौकटींनी भरून गेला होता. प्रत्येक चौकटीत एक घर, एक कूलर, कडं घातलेली एक आई आणि चष्मा घातलेलं एक मूल. काही चौकटींत बाप होते, बहुतेक कडेला. मंगेश चौकटीबाहेर भिंतीला टेकून उभा होता. काय होणार आहे हे केतकीनं त्याला सकाळीच सांगितलं होतं. तो नको म्हणाला नव्हता आणि हो पण म्हणाला नव्हता. फरहीन मॅडमनी कौतुकानं प्रस्तावना केली. आता निहार मनात वाचणार, आणि सगळी घरं त्याच्या चौकटीत उमटणाऱ्या दिव्याच्या रंगाकडे पाहणार होती.

"मॅडम, आधी मी वाचते," केतकी म्हणाली आणि तिनं चष्मा घातला.

पालकांत हशा पिकला. मॅडमही हसल्या. केतकीनं पान सगळ्यांना दिसेल असं उघडलं. मराठी अक्षरांच्या जागी गोल अक्षरं पाहून काही जण पुढे झुकले. ती वाचू लागली. टेक, थांब, उडी. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की कडं सारखं थरथरत होतं (बैठकीतलं वाचन त्यानं थांबत नसे), पण डोळे शिकवल्याप्रमाणे चालले. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. मधे एकदा ती मागे आली. पान संपलं. तारा चमकला. 'उत्तम वाचन.'

"केतकीताई," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला तेलुगू येतं हे माहीत नव्हतं."

"मला येतच नाही, मॅडम. एक अक्षर नाही."

"मग हे?"

"निहारनं शिकवलं."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. सगळ्या घरांतले कूलर एकदम ऐकू येऊ लागले.

मग खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून एका मुलीचा आवाज आला. गोंडपिपरीची सोनल मडावी. सगळा उन्हाळा ती बैठकीत एक शब्द बोलली नव्हती.

"मॅडम, मी मनात गाणं म्हणते," ती म्हणाली. "गाण्याच्या चालीवर नेलं की हिरवा राहते."

तिच्या आईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या चौकटीतल्या एका मुलानं काही न बोलता चष्मा काढून टेबलावर ठेवला.

फरहीन मॅडम पाणी प्यायल्या. बोलताना त्यांचा आवाज वेगळा होता. "मुलांनो, कुणी रागावणार नाही. अजून कोण कोण ठिपक्यामागे जातं?"

हात वर होऊ लागले. सगळेच झाले नाहीत. सोबतमुळे खरोखर दोन ओळी वाचू लागलेली मुलंही होती, आणि ती चकित होऊन बाकीच्यांकडे पाहत होती. पण हात पुष्कळ होते. मॅडम ते मोजत होत्या, मग त्यांनी मोजणं सोडलं.

"या नोंदी मी मंडळाकडे पाठवणार नाही," त्या म्हणाल्या. "एकेका मुलाला समोर बसवून तपासू. तोवर कुणाचंही प्रमाणपत्र जाणार नाही. परीक्षेतली मदतही जाणार नाही." मग म्हणाल्या, "निहार, तू तुझ्या आईला माझ्यापेक्षा चांगलं शिकवलंस."

बैठक संपली. चौकटी एकेक करून विझल्या. मंगेश भिंतीपासून सुटा झाला आणि येऊन पलंगाच्या कडेला टेकला.

"तो परीक्षेत वाचून दाखवणारा माणूस," त्यानं विचारलं, "आपल्याले पसंत करता येते का? चांगला, खणखणीत आवाजाचा पाह्यला पाहिजे."

केतकीनं कडं काढून ठेवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दिवसाचे संयम-गुण आले होते. तिनं ते वाचले, आणि तिला एकदम हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच.

"काय लिहिलं?" निहारनं विचारलं.

"तूच वाच."

तिनं फोन त्याच्या हातात दिला. चष्मा नव्हता, दिवा नव्हता. निहारनं फोन डोळ्यांजवळ घेतला. मोठ्यानं वाचायचं म्हणजे काय हे तो जवळजवळ विसरला होता.

"आ... ज... आज. आज... स... सं..."

तो तिथंच अडला. मंगेशनं शब्द सांगायला तोंड उघडलं. केतकीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. कूलरची घरघर चालू होती. निहार मागे गेला, पुन्हा आला, या वेळी खरोखर वाचत.

"संय... म. संयम. आज संयम खू... खूप क... कमी." त्यानं दम घेतला. "मु... ला... मुला... शे... जा... शेजा... री. मुलाशेजारी. ब... सू. बसू. न... ये." ते जुळायला त्याला वेळ लागला. मग त्यानं मान वर केली. "मुलाशेजारी बसू नये. असं लिहिलं आहे, आई."

केतकी सरकून त्याला आणखी खेटून बसली.

"पुढं वाच," ती म्हणाली.